पंचनामा पिकाचा झाला, जमिनीचा कधी?



या वेळची जिल्हा बैठक विलेपार्ल्याला ठेवली असे कळवल्यावर गावोगावच्या कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न विचारला. पार्ल्यात शेतकरी कुठे आहे? जिथे विमाने उतरतात तिथे आपण कुणाच्या बांधावर सभा घेणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

साष्टी बेटावर एके काळी भातखाचरे होती, तिथे आता उपनगर उभे आहे. त्याबद्दल गळा काढायला आम्ही पार्ल्याला जात नाही. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची छावणी याच पार्ल्यात पडली होती. मीठ चार पैशांचे होते, पण त्यावर हुकूम कुणाचा, हा प्रश्न लाखमोलाचा होता. आज आम्ही मातीचा प्रश्न घेऊन त्या गावी जात आहोत. मातीला तर सरकारच्या हिशेबात चार पैशांचीही किंमत नाही.

पार्ल्याचा आणि आपल्या शिवाराचा संबंध जमिनीखालून आहे. माहुल-चेंबूरला १९५०च्या दशकात तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने उभे राहिले. तिथून विमानाचे इंधन नळातून सांताक्रूझ-पार्ल्याच्या विमानतळावर येते. त्याच कारखान्यांचे पेट्रोल-डिझेल एका वाहिनीने पुण्यावरून सोलापूरला जाते, दुसऱ्या वाहिनीने मनमाडवरून थेट दिल्लीच्या दिशेने जाते. मधल्या वाटेवर जी काळी आणि मुरमाड जमीन आहे ती तुमची-आमची आहे. आमचे धान्य उघड्यावरून शहरात जाते, शहराचे तेल आमच्या नांगराखालून देशात जाते. धान्याचा भाव ते ठरवतात आणि नळाचे भाडेही तेच ठरवतात.

दहा टक्क्यांचा कायदा

हे भाडे किती, ते सभेत मोठ्याने वाचून दाखवा. १९६२ सालचा पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांचा कायदा आहे. त्याप्रमाणे सरकार जमीन विकत घेत नाही, फक्त 'वापराचा हक्क' घेते. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच राहते, इतर हक्कांत कंपनी येऊन बसते. मग त्या पट्ट्यात शेतकऱ्याने घर बांधायचे नाही, विहीर किंवा तळे खोदायचे नाही, झाड लावायचे नाही. मोबदला म्हणून जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के द्यायचे. काम करताना नुकसान झाले तर त्याची भरपाई वेगळी. विहीर नाही, गोठा नाही, आंब्याचे कलम नाही, आणि हे सारे कायमचे. त्याची किंमत दहा टक्के.

नळ फोडून तेलाची चोरी वाढली तेव्हा सरकारला जाग आली. २०११ साली कायद्यात दुरुस्ती आणून चोरांना दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद झाली. चोराला सजा व्हावी याबद्दल आमचे दुमत नाही. पण त्याच कायद्यात हात घातला होता तर दहा टक्क्यांचा आकडाही डोळ्यांखालून गेलाच असेल. तो जसाच्या तसा ठेवला. तेल चोरीला गेले की राष्ट्राची हानी, तेल मातीत गेले की शेतकऱ्याचे नशीब!

चोरांची ताकद किती, हे सरकारला सांगायला नको. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला, तेलाच्या डेपोंच्या परिसरात, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी दिवसाढवळ्या जिवंत जाळले. अपर जिल्हाधिकाऱ्याची ही गत, तर रात्री पाणी धरायला गेलेल्या शेतकऱ्याने चार बॅटऱ्या दिसल्यावर काय करायचे?

फलटणला काय झाले

२०२१च्या सुरुवातीला सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या सासवड गावाजवळ, चोरांनी मुंबई-पुणे-सोलापूर वाहिनीला भोक पाडले. चोरांनी नेले त्यापेक्षा जास्त पेट्रोल रानात मुरले. उभी पिके जळाली, पेट्रोल विहिरींत उतरले. पोलीस आले, गुन्हा नोंदला गेला, चोर पकडले गेले, वर्तमानपत्रांत फोटो आले.

आमचा प्रश्न त्यानंतरचा आहे. अशा वेळी तलाठी येतो, उभे पीक बघतो, गुंठे मोजतो. कागदावर पीक येते, एकरी उत्पन्न येते, टक्केवारी येते. जमीन येत नाही. दीड हात खालच्या मातीत काय उतरले, पाणी कुठल्या थरात नासले, पुढच्या तीन हंगामांत तिथे काय उगवेल, याला त्या छापील नमुन्यात रकानाच नाही. पीक एका हंगामाचे असते, जमीन नातवंडांची असते. सरकार हंगामाचे पैसे देऊन नातवंडांचा हिशेब मिटवते.

वर सल्ला मिळतो : 'दोन पावसाळे जाऊ द्या, धुऊन जाईल.' कुठे धुऊन जाईल? खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत! पाऊस तेल नाहीसे करत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो.

तेल खाणारा सालदार

आता मुद्द्याची गोष्ट. तेलाने नासलेली जमीन दुरुस्त होते. त्याचे शास्त्र जुने आहे, पक्के आहे, आणि ते कुठल्याही शेतकऱ्याला अर्ध्या तासात समजावता येते. आम्ही कृषी महाविद्यालयात रायझोबियम आणि अॅझोटोबॅक्टर शिकलो त्याच पुस्तकातला हा पुढचा धडा आहे. तो बांधापर्यंत कुणी आणला नाही, एवढेच.

पेट्रोल-डिझेल म्हणजे जवळजवळ निव्वळ कर्ब आणि हायड्रोजन. मातीत असे जिवाणू मुळातच असतात की ज्यांना हा कर्ब खाता येतो. ते खातात आणि त्याचा शेवटी कर्बवायू आणि पाणी होते. मग तेल सांडल्यावर ते आपोआप का नाहीसे होत नाही? याचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. न कुजलेले पाचट किंवा कच्चे शेणखत रानात गाडले की पीक पिवळे पडते, कारण कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात. तेल हे त्या पाचटाचे टोक आहे. पाचटात थोडा तरी नत्र असतो, तेलात नसल्यासारखाच. पुढ्यात पंचपक्वान्ने आहेत पण मीठच नाही, अशी जिवाणूंची स्थिती होते. शिवाय तेल मातीच्या कणांवर बसते, हवा कोंडते, पाणी धरू देत नाही.

तेव्हा उपचार काय? नत्र द्या, स्फुरद द्या, हवा द्या, ओल ठेवा. शास्त्रज्ञ ढोबळ प्रमाण देतात : कर्ब १००, नत्र १०, स्फुरद १. हिशेब मांडून बघू. एक हजार लिटर डिझेल म्हणजे सुमारे ८३० किलो. त्यात कर्ब सुमारे ७१५ किलो. त्याला नत्र लागेल ७१ किलोच्या आसपास, म्हणजे ४५ किलोच्या गोणीने साडेतीन गोण्या युरिया. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेटच्या दोन गोण्या. काही डिझेल उडून जाते, काही नत्र मातीत असतोच, म्हणून प्रत्यक्षात याहून कमीच लागेल. आणि हे एका दमात टाकायचे नाही. खताचा मारा झाला तर जिवाणूच मरतात. पिकाला देतो तसे हप्त्याहप्त्याने द्यायचे.

बाकीचे काम मशागतीचे. नासलेली माती काढून जाड प्लास्टिकच्या कागदावर हातभर थरात पसरायची, म्हणजे तेल खाली झिरपत नाही. भोवती बांध घालायचा, पावसापासून आडोसा करायचा. शेणखत किंवा भुसा मिसळून भुसभुशीत ठेवायची, दर पंधरवड्याला उलटीपालटी करायची आणि वाफसा टिकवायचा. वाफशावर हवा आणि ओल दोन्ही मिळतात, त्यामुळे पिकाच्या मुळाला जे मानवते तेच या जिवाणूंना मानवते. आपल्याकडचे ऊन-वारे त्यांच्या सोयीचे आहे. थंडीत त्यांचे काम मंदावते.

एक सावधगिरी. ताजे पेट्रोल सांडलेल्या रानात लगेच ट्रॅक्टर घालू नका, विडी पेटवू नका, मोटार सुरू करू नका. आधी वाफ जाऊ द्या, माणसे-जनावरे दूर ठेवा. आणि पेट्रोल हवेत उडून गेले म्हणजे जमीन साफ झाली, असे कंपनीचा माणूस सांगेल तर मानू नका. उडाले ते हलके, मुरले ते मागेच राहते. माती तपासूनच बोलायचे.

आमच्या एका कार्यकर्त्याच्या रानात इंजिनाजवळचे डिझेलचे पिंप लवंडले. दोन गुंठ्यांत कांदा बसून गेला. त्याने वर सांगितल्याप्रमाणे माती काढली, शेणखत आणि थोडा युरिया घालून पावसाळाभर आडोशाला उलटत राहिला. रब्बीत त्याच मातीत ज्वारी उगवली. एका पिंपावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्हालाही कळते. पण ते शास्त्र आपल्या कुळवाला परके नाही, एवढे त्यातून दिसते.

अमेरिकेचे पेटंट आणि अलास्काचे खत

या विषयात एका भारतीयाचे नाव जगात गाजले. आनंद मोहन चक्रवर्ती, जन्म बंगालमधला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना त्यांनी तेलाचे अनेक घटक खाऊ शकणारा स्यूडोमोनास जातीचा जिवाणू तयार केला. १९७२ साली पेटंटसाठी अर्ज गेला. सजीवावर मालकी देता येते का, या प्रश्नावर भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी पेटंट मान्य झाले. बियाण्यांच्या पेटंटवर आपण पुढे इतकी वर्षे भांडलो, त्या वादाचे एक मूळ इथे आहे. गंमत अशी की हा जिवाणू खऱ्याखुऱ्या तेलगळतीवर मैदानात उतरलाच नाही.

मैदानात काय उतरले ते पाहा. मार्च १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ हे जहाज अलास्काच्या किनाऱ्यावर फुटले, सुमारे एक कोटी दहा लाख गॅलन तेल सांडले. तिथल्या दगडगोट्यांवर नत्र-स्फुरदाची खते टाकली गेली. बाहेरचा चमत्कारी जिवाणू आणला नाही, तिथल्याच जिवाणूंना खुराक दिला. त्याने तेल विघटनाचा वेग वाढला, हे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने आणि कंपनीने मिळून केलेल्या कामात दिसले. शेतकऱ्याने युरियाची गोणी उचलली की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आपल्या देशातही काम झाले आहे. दिल्लीच्या टेरी या संस्थेने पाच जातींच्या जिवाणूंचे मिश्रण तयार केले, नाव ऑइलझॅपर. मक्याच्या कणसाच्या बुरखुंडाची भुकटी करून तिच्यावर हे जिवाणू बसवतात. ज्या बुरखुंडाला आपण चुलीत घालतो, त्याच्यावर बसून हे जिवाणू तेल कारखान्यांचा तेलकट गाळ साफ करायला जातात. २००७ साली ओएनजीसी आणि टेरी यांची या कामासाठी संयुक्त कंपनी निघाली. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडले, तेव्हा किनाऱ्याच्या सफाईसाठी हेच जिवाणू वापरले गेले.

म्हणजे तंत्र आहे, संस्था आहेत, कंपन्यांना त्याची माहितीही आहे. कारखान्याच्या आवारातला गाळ साफ करायला जिवाणू मिळतात. कंपनीच्या नळाखालची जमीन नासली की मात्र तलाठी पाठवतात!

विहिरीचे दुखणे अवघड

आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. मातीपेक्षा पाण्याचे दुखणे अवघड आहे. पेट्रोल पाण्यावर तरंगते, पण त्यातला बेंझीनसारखा घटक पाण्यात विरघळतो. तो कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाहून जास्त बेंझीन नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नुसत्या डोळ्याला हे दिसत नाही. तवंग गेला म्हणजे विहीर साफ झाली असे नाही.

पाण्यात जिवाणू काम करतात, पण त्यांना प्राणवायू पुरत नाही. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जिरवायला सुमारे साडेतीन ग्रॅम प्राणवायू लागतो. आपल्या हवामानात एक लिटर पाण्यात तो जेमतेम आठ मिलिग्रॅम विरघळतो. म्हणजे एका ग्रॅमसाठी चारशे लिटरहून अधिक पाण्यातला सगळा प्राणवायू संपतो. म्हणून आधी वरचे तेल उपसून काढावे लागते, मग बोअर घेऊन खाली हवा सोडावी लागते, आणि महिनोन्‌महिने पाणी तपासत राहावे लागते. त्यात आपला महाराष्ट्र काळ्या पाषाणाचा. भेगाभेगांतून पाणी कुठून कुठे जाते हे पाणाड्यालाही सांगता येत नाही. हे काम एकट्या शेतकऱ्याच्या खिशाचे नाही. ज्याचा नळ त्याच्याच खिशाचे आहे.

पार्लेकरांनीही हे ऐकावे. उपनगरात जुन्या विहिरी आहेत, सोसायट्यांच्या बोअर आहेत, आणि रस्त्यारस्त्यावर पेट्रोल पंपांच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या आहेत. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पंपांसाठी शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून ५० मीटर अंतर सांगितले. जागेची अडचण असेल तिथे जादा सुरक्षेची अट घालून, तरीही ३० मीटरच्या आत नाही. चांगले झाले. जी पट्टी शहराच्या शाळेला लागते ती वाहिनीच्या कडेच्या विहिरीलाही लागावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. पाणी खाली एकच असते. ते ग्रामपंचायतीचे आणि महापालिकेचे असे वेगळे वाहत नाही.

पुडीवाल्यांपासून सावध

आणखी एक जमात उगवली आहे. 'आमची पावडर टाका, आठवड्यात जमीन शुद्ध' असे सांगत हिंडणारे. त्यांना तीन प्रश्न विचारा. टाकण्याआधी मातीत तेल किती होते? टाकल्यावर किती राहिले? पावडर न टाकता नुसते खत आणि मशागत दिलेल्या शेजारच्या पट्ट्यात किती राहिले? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण आपली पिशवी उचलतात. जिवाणू जड डांबरासारखे तेल सावकाश खातात, काही भाग खातच नाहीत, आणि शिसे तर कुठलाच जिवाणू खाऊन संपवू शकत नाही. हे जो सांगत नाही तो शास्त्रज्ञ नव्हे, दुकानदार आहे.

कायदा आला आहे, त्याचा उपयोग करा

'प्रदूषण करील तो भरील' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बिछडीच्या खटल्यात मान्य केले. राजस्थानात उदयपूरजवळच्या या गावच्या विहिरींचे पाणी रसायनांनी नासले होते. कारखान्यांनी खर्च द्यावा असा निकाल लागला, आणि त्या पैशांसाठी २०११ पर्यंत कोर्टातच भांडण चालू राहिले. निकाल मिळणे आणि विहीर मिळणे यांत असे अंतर असते.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यांत स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी करून दर सहा महिन्यांनी राज्य मंडळाला द्यायची आहे, मंडळाने तपासणी करायची आहे, आणि दोषी ठरेल त्याच्याकडून सफाईचा खर्च घ्यायचा आहे. समुद्रातले तेल प्रदूषण या नियमांतून वगळले आहे. म्हणजे कोळी बांधवांना पुन्हा वेगळी दारे ठोठवायला लावली. पण शेतजमिनीला दार उघडे आहे. त्या दारात जाऊन उभे राहिल्याशिवाय आत कुणी बोलावणार नाही.

म्हणून पार्ल्याच्या बैठकीपुढे हे ठराव ठेवत आहोत. प्रत्येक जिल्ह्याने त्यावर चर्चा करून यावे.

१. वाहिनी ज्या ज्या गावातून जाते त्या प्रत्येक ग्रामसभेने, गळती किंवा चोरी झालेली प्रत्येक जागा संशयित दूषित जागा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी नोंदवावी आणि पोच घ्यावी.

२. गळतीनंतर पिकाबरोबर मातीचा आणि पाण्याचाही पंचनामा व्हावा. नमुने शेतकऱ्यासमोर घ्यावेत, एक सीलबंद नमुना त्याच्या ताब्यात द्यावा.

३. भरपाई एका हंगामाची नको. तपासणीत माती आणि विहीर साफ ठरेपर्यंत दर हंगामाला भरपाई आणि रोज पिण्याचे पाणी मिळाले पाहिजे.

४. सफाईचे काम गावातल्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना द्यावे. मशागत आमची, शेणखत आमचे, जमीन आमची. मग ठेकेदार मुंबईचा कशाला? तज्ज्ञांनी देखरेख करावी, आणि मजुरी ठेकेदाराला देतात त्या दराने मिळावी.

५. चारही कृषी विद्यापीठांनी आपल्या काळ्या आणि मुरमाड जमिनींत हे प्रयोग करून आकडे मराठीत छापावेत.

६. १९६२च्या कायद्यातले दहा टक्के रद्द करून वापराच्या हक्काचे दरवर्षी भाडे द्यावे.

यांत भिकेची मागणी एकही नाही. ज्याने सांडले त्याने पुसावे, एवढा साधा घरगुती नियम आहे. आमच्या घरात पोराने दूध सांडले तर आम्ही त्याच्याच हातात फडके देतो.

मातीतला जिवाणू विनातक्रार काम करतो. त्याला थोडा खुराक आणि श्वास घेण्यापुरती हवा लागते; तेवढे मिळाले की तो विष पचवतो. शेतकऱ्यानेही आजवर पुष्कळ विष पचवले, खुराकाशिवाय आणि हवेशिवाय. आता ते पचवायचे नाही. येताना सातबारा आणा, वाहिनीची नोटीस आणा, जुना पंचनामा असेल तर तोही आणा. आणि जमले तर नासलेल्या रानातली मूठभर माती बरणीत घट्ट झाकून आणा. पार्ल्याच्या सभेत भाषणे कमी होतील. टेबलावर या बरण्या मांडू, आणि त्याच घेऊन वांद्र्याला उपनगर जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊ.